बालछळाची वर्दी आणि वैद्यकाचे मौन

बालछळाचा संशय शासनास कळविण्याचे आरोग्यसेवकांचे कायदेशीर कर्तव्य अमेरिकेत उदयास आले. त्याचे मूळ क्ष-किरण छायाचित्रांत सापडते. इ. स. १९४६ मध्ये जॉन कॅफी यांनी मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या ६ अर्भकांच्या लांब हाडांत २३ अस्थिभंग नोंदविले. आईवडिलांवर थेट ठपका मात्र ठेवला नाही. हे मौन निव्वळ अज्ञानातून आलेले नव्हते. रुग्णाची हकीकत सांगणारे पालकच असत, शिवाय व्यावसायिक गोपनीयतेचे बंधन होते.

१९६२ मध्ये हेन्री केंप व सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांतील ३०२ प्रकरणे मांडली. त्यांपैकी ३३ मुले दगावली होती, तर ८५ मुलांच्या मेंदूस कायमची इजा झाली होती. पालक असे करू शकतात यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नाही, हेही त्यांनी नमूद केले. १९६३ मध्ये संघीय बालक विभागाने नमुना कायदा प्रसिद्ध केला आणि १९६७ पर्यंत सर्व राज्यांनी असे कायदे केले. चर्चा बहुधा त्यांतील शिक्षेचीच होते. वस्तुतः सद्‌भावनेने वर्दी देणाऱ्यास मिळालेले संरक्षण अधिक महत्त्वाचे होय. संशय पुरेसा ठरला, पुराव्याचा भार तपासयंत्रणेवर गेला.

भारतात २०१२ च्या पोक्सो कायद्याने हे कर्तव्य प्रत्येक व्यक्तीवर टाकले. सद्‌भावनेस संरक्षण दिले, कसूर केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. परंतु तो केवळ लैंगिक अपराधांपुरता आहे. कॅफींसमोर होती तशी मोडलेली हाडे अथवा उपासमारीने खंगलेले मूल त्याच्या कक्षेत येत नाही.