धाकट्याचा रिमोट

आमच्या गावात धाकटेपणाला मान आहे. येरमाळ्याची येडेश्वरी ही तुळजाभवानीची धाकटी बहीण मानतात. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला लोटणारी गर्दी पाहिली, की धाकट्यांनी खचून जाऊ नये असा धीर येतो. मला तो अधूनमधून लागतो. मी घरात धाकटा आणि बँकेत कारकून.

यंदा यात्रेच्या आधी चिरंजीवांना आमच्या काळची विद्या शिकवायचे मी मनावर घेतले. माळ्यावर एक पेंटियम फोर जातीचा संगणक धूळ खात पडला होता. तो खाली काढला तेव्हा सौ. म्हणाली, "लोक जुनं सामान वर टाकतात. तुम्ही वरचं खाली आणताय!" पण मला त्यावर लहानपणचा व्हिडिओ गेम चालवायचा होता. तो डबा केव्हाच मोडीत गेला. मात्र तो नसताना तो असल्याचे सोंग घेणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. साहेब रजेवर असताना त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्याच आवाजात 'उद्या या' म्हणणारा कारकून डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले.

ही सोंगाची कला कालपरवाची नाही बरं का. १९६४ च्या एप्रिलमध्ये आय.बी.एम. कंपनीने सिस्टिम-३६० ही नवी यंत्रे जाहीर केली. गिऱ्हाइकांची पंचाईत अशी, की त्यांचे हिशेबाचे प्रोग्रॅम जुन्या १४०१ या यंत्रासाठी लिहिलेले. ते पुन्हा लिहीत बसायचे तर नवे यंत्र घेतो कोण? तेव्हा नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घेता येईल अशी सोय कंपनीनेच करून दिली. म्हणजे इम्युलेटरला बरकत आली ती पोरांच्या खेळामुळे नव्हे, हिशेबनिसांमुळे! हे कळल्यापासून मी हे काम उजळ माथ्याने करतो.

आमच्या डब्याचा मूळपुरुष जपानचा. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' बाजारात आणला. रचना मासायुकी उएमुरा यांची. कामापुरती स्मरणशक्ती म्हणाल तर अवघी दोन किलोबाइट! पण तेवढ्या भांडवलावर त्याने जग जिंकले. पुढे त्याच्या नकलाही जगभर पसरल्या. आपल्याकडे नव्वदीच्या सुमारास मीडिया, समुराई अशा नावांनी या घराण्यातले डबे आले. आमच्या वडिलांनी त्यातलाच एक बिननावाचा भाऊबंद १९९४ च्या दिवाळीत तेव्हाच्या उस्मानाबादहून आणला. सोबतच्या कॅसेटवर '९९९९९९९ खेळ' असे छापले होते. निघाले मोजून सात, बाकी त्यांच्याच पुनरावृत्त्या. ताळेबंदात असा आकडा मी घातला असता, तर आज हा लेख तुरुंगातून लिहावा लागला असता.

मूळ फॅमिकॉमला दोन रिमोट होते. पहिल्यावर 'स्टार्ट'चे बटन. दुसऱ्यावर ते नाही, त्याऐवजी बारकासा मायक्रोफोन. एकत्र कुटुंबाचा जपान्यांचा अभ्यास दांडगा. धाकट्याने काही सुरू करायचे नाही, पण त्याला कुरकुर करायची मुभा असावी! आमच्या नकलेत तो मायक्रोफोनही नव्हता. दुसरा रिमोट कोणाचा, हे सांगायला नकोच.

आमचा लाडका खेळ कोनामी कंपनीचा 'कॉन्ट्रा', साल १९८८. प्रत्येकाला तीन जीव. पण सुरुवातीला वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, मग बी आणि ए असे दाबले, की तिसाची थैली मिळे. हा मंत्र कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ साली 'ग्रॅडियस' हा खेळ फॅमिकॉमवर आणताना त्यांना स्वतःलाच तो पार करता येईना, म्हणून त्यांनी ही चोरवाट ठेवली. त्याहून मोठी सोय म्हणजे, माझे जीव संपले की मला दादाच्या खात्यातून एक उचलता येई. ना तारण, ना जामीनदार. दादा ओरडायचा, पण उचलू द्यायचा.

फॅमिकॉमचे बहुतेक सगळे खेळ वठवणारा 'नेस्टिकल' हा गाजलेला इम्युलेटर १९९७ चा. त्यानंतर पुष्कळ झाले. काम सगळ्यांचे एकच. जुन्या यंत्राचा एकेक हुकूम वाचायचा, अर्थ लावायचा आणि त्याने केले असते तेच करायचे. त्या यंत्राचे ठोके सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार. आमच्या पेंटियमचे दोनशे कोटींच्या वर. म्हणून काम उरकले की हा मुद्दाम थांबतो, जुन्याला लागला असता तेवढा वेळ जाऊ देतो. पडद्यावर गर्दी झाली की जुन्याचे चित्र लुकलुकायचे. चांगला इम्युलेटर तेही इमानाने लुकलुकवतो.

शिवाय यात हवी तिथे खूण ठेवता येते. मेलो, तर तिथूनच पुन्हा सुरू. ही सोय संसारात असती, तर तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी मी खूण ठेवली असती. त्या दुपारी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दादाचे आणि माझे वाजले. तेव्हापासून तो पुण्याहून यात्रेला येई, पण उतरे मावशीकडे.

यंदा आमराईत चुन्याचे खडे वेचून झाल्यावर तो प्रसाद द्यायला म्हणून दारापर्यंत आला. आतून त्या खेळाचे संगीत ऐकू गेले. चिरंजीव "काका, या ना" म्हणाले आणि दादा खरेच आत आला. नवे दोन रिमोट खाटेवर पडले होते. हल्ली दोन्हीवर स्टार्ट असते, तरी पहिला कोणता ते आम्हाला ठाऊक होते. दादाने दुसरा उचलला.

"दाब की स्टार्ट," तो म्हणाला. तीन वर्षांतले पहिले वाक्य.

गडबडीत मंत्र चुकला. तिघांपैकी माझा शेवटचा जीव पहिल्याच मजल्यावर गेला. मी गप्प बसून राहिलो.

"बघत काय बसलास? माझ्यातला घे."

मी घेतला. तोही लगेच घालवला. तेवढ्यात वीज गेली. खूण ठेवायचे दोघांच्याही लक्षात नव्हते. पाण्याच्या पाळीचा विषय कोणी काढला नाही, तो अजून तसाच आहे.

"आता पहिल्यापासून," दादा अंधारात म्हणाला, आणि सौ.ला हाक मारून त्याने विचारले, "वहिनी, जेवायला काय आहे?"