पर्यावरणाचा पेपर आणि पाच गोल

संक्रांतीला बीडला मामांकडे गेलो होतो. तिळगूळ हातावर पडतो न पडतो तोच मामांनी कपाटावरून एक गठ्ठा काढला. "हे बघ बाबा, तू कंप्युटरवाला. एवढं एक्सेलमध्ये भरून टक्केवारी काढून दे." मामा वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि वीसेक वर्षं पर्यावरणाचा पेपरही त्यांच्याच गळ्यात आहे. गठ्ठा होता त्या पेपरबद्दल मुलांनी भरलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मांचा. १३७ फॉर्म. हापिसात दर सहा महिन्यांनी असलेच गोल मीही काळे करतो, त्यामुळे कुतूहल वाटलं की हा पेपर आणि हा फॉर्म, दोन्ही भानगडी आल्या कुठून?

पेपर आला कोर्टातून. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल दिला: सिनेमागृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा, रेडिओ-टीव्हीवर कार्यक्रम करा, आणि शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा करा. कॉलेजांपर्यंत तो पोचायला एक तप लागलं. १८ डिसेंबर २००३ ला कोर्टाने पुन्हा बजावलं, तेव्हा कुठे यूजीसीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या शाखांना लागू झाला. त्याचं पुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी लिहिलं.

अभ्यासक्रम कागदावर खरंच सुंदर आहे. पहिलं प्रकरणच 'विषयाचं बहुविद्याशाखीय स्वरूप'. म्हणजे पाणी हा रसायनशास्त्राचा विषय, तसाच अर्थशास्त्राचा, कायद्याचा आणि समाजशास्त्राचाही. एकूण ५० तास, त्यातले ५ क्षेत्रभेटीचे, आणि १०० पैकी २५ मार्क त्या भेटीला. आपल्या भागातली नदी, डोंगर, प्रदूषित जागा बघा आणि लिहा. मामा मुलांना बिंदुसरेच्या काठावर नेतात, मग शहराबाहेरच्या खजाना विहिरीवर. निजामशाहीच्या काळात बांधलेली, भुयारी नळांनी शेतांना पाणी देणारी ही विहीर म्हणजे अख्खा अभ्यासक्रम एका जागी! (आमच्या इंजिनिअरिंगला क्षेत्रभेट म्हणजे सीनियरचा रिपोर्ट आणि नवीन कव्हर. असो.)

फॉर्मची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली शिक्षकांसाठी मोजपट्टी तयार केली. विद्यार्थ्यांनी शिक्षकाचे दहा गुण जोखायचे. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्टने 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पायऱ्यांची पद्धत मांडली, ती लोकांची मतं मोजायला. पुढे या दोघांचं लग्न लागलं म्हणायचं! आपल्याकडे १९९४ साली नॅक स्थापन झाली, कॉलेजांना श्रेणी मिळू लागल्या आणि अभिप्रायाच्या फायली जाड होत गेल्या. २०१७ च्या नव्या पद्धतीत तर नॅकने थेट विद्यार्थ्यांना ईमेलवर पाठवायची २१ प्रश्नांची प्रश्नावली आणली. पहिला प्रश्न: वर्गात किती टक्के अभ्यासक्रम पूर्ण झाला? फक्त एकविसावा प्रश्न मोकळा, सूचना लिहायला.

मामांच्या फॉर्मचा तोंडवळा तोच. शिक्षक वेळेवर येतात का, आवाज ऐकू येतो का, फळा नीट वापरतात का. रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्राची गाठ डोक्यात पडली का, हे कुठेच विचारलेलं नाही. ज्यासाठी हा पेपर जन्माला आला, तेवढंच नेमकं वगळलंय.

डेटा भरायला घेतला. पाच, पाच, पाच, पाच. दुसरा फॉर्म: पाच, पाच, पाच. शंभराच्या वर फॉर्म असे एका रेघेत. मी हसलो तर मामा म्हणाले, "पेपरच्या दिवशी भरून घेतलेत रे. रोल नंबर टाकून."

"मग कोण खरं लिहिणार मामा?"

"आणि त्यातली पंचवीस-तीस पोरं तर वर्गात आलीच नव्हती. टोळीवर होती."

बीडकराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातली लाखो माणसं मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरातलं कुणी आजारी पडलं की कॉलेजातल्या पोराला कोयता धरावा लागतो. तो डिसेंबरात एसटीने पेपरापुरता येतो, आणि 'शिक्षक वेळेवर येतात' याला पाच देऊन परत जातो.

चौऱ्याण्णवाव्या फॉर्मवर मात्र सगळे गोल कोरे होते. मागे निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'क्षेत्रभेटीला मी नव्हतो. सांगलीकडं फडात होतो. तिथं उसाला पाटानं पाणी सोडतात, आमच्या गावात प्यायला टँकर आहे. हे क्षेत्रभेटीत लिहिलं तर मार्क मिळतील का?'

मी फॉर्म मामांना दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"सर, हे कुठल्या रकान्यात टाकू?" मी मुद्दामच 'सर' म्हटलं.

मामा काही बोलले नाहीत. उठून त्यांनी पंचवीस मार्कांची यादी काढली, त्या रोल नंबरसमोर 'गैरहजर' लिहिलेलं होतं. यादी विद्यापीठाकडे कधीच गेलेली होती.