वाहनांच्या आगीचा तपास

जळालेल्या वाहनात आग कुठे लागली आणि कशाने लागली, हे अवशेषांवरून ठरवणारी न्यायसहायक विज्ञानाची शाखा. आधी ठिकाण, मग कारण, हा तिचा क्रम मोडता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेची ‘९२१’ क्रमांकाची मार्गदर्शिका (पहिली आवृत्ती १९९२) या कामात प्रमाण मानली जाते. भारतात पोलीस, अग्निशमन दल, मोटार वाहन निरीक्षक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आणि विमा सर्वेक्षक हे काम वाटून घेतात.

ठिकाण शोधताना पुढची काच बरेच सांगते. इंजिनाकडून आत शिरलेल्या आगीत ती बहुधा खालून फुटते. आतच पेटलेल्या आगीत तप्त वायू छताशी साठतात आणि काच वरून ढासळते. गाडी पूर्ण जळाली तर अशा खुणा पुसल्या जातात. वितळलेले ॲल्युमिनियम (वितळणबिंदू ६६० अंश सेल्सिअस) तिथे किती उष्णता होती तेवढेच सांगते. आगीची सुरुवात तिथे झाली, असे त्यावरून म्हणता येत नाही.

कारणाच्या रकान्यात ‘शॉर्टसर्किट’ फार लवकर लिहिले जाते. वायरीच्या टोकाशी आढळणारा तांब्याचा मणी हा त्याचा पुरावा समजतात. पण आग दुसरीकडून आली, वायरीवरचे आवरण जळाले आणि प्रवाह चालू असलेली तार पत्र्याला टेकली, तरी तसाच मणी तयार होतो. फ्यूजशिवाय जोडलेले जादा दिवे किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ही खरी कारणे असू शकतात. मात्र ती सिद्ध करावी लागतात. पेट्रोलबाबतचा समजही तपासून घ्यावा. ठिणगीने ते क्षणात पेटते, पण तप्त एक्झॉस्टवर सांडले तर अनेकदा वाफ होऊन उडून जाते. तिथे इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल अधिक सहज पेट घेते.

घातपाताचा संशय असल्यास सीट आणि गालिच्याचे नमुने हवाबंद डब्यात घेऊन त्यांत ज्वालाग्राही द्रव शोधतात. हिंजवडीत १९ मार्च २०२५ रोजी कर्मचाऱ्यांची मिनीबस पेटून चौघांचा मृत्यू झाला. सुरुवातीला शॉर्टसर्किटचीच चर्चा होती. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी चालकाने ज्वालाग्राही रसायन वापरून आग लावल्याचा आरोप ठेवला. पहिल्या अंदाजावर तपास थांबला असता, तर हे मृत्यू अपघाती म्हणूनच नोंदले गेले असते.

विजेवरच्या वाहनांत लिथियम-आयन बॅटरीच्या एका घटातील बिघाड शेजारच्या घटांत पसरतो आणि विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते. म्हणून तपासासाठी आणलेले वाहन उघड्यावर, इतर वाहनांपासून दूर ठेवतात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव येथे ई-स्कूटर पेटल्यावर, त्या काळातील अशा इतर घटनांसह, केंद्राने चौकशी करवली; त्याच वर्षी बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले.