प्रकाशाच्या देवळांखालचं गाव

मंडळी, प्रकाशा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर, संगमेश्वर, तापीचा घाट. अस्थी विसर्जनाला, दशक्रियेला आपण सगळेच कधी ना कधी तिथे गेलोय. काशीला जाऊन आलं तरी प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आपली म्हातारी माणसं सांगतात. म्हणून ही दक्षिणकाशी.

पण देवळं ही या गावाची अगदी अलीकडची गोष्ट आहे!

१९५५ साली भारतीय पुरातत्त्व विभागाचे बी. के. थापर यांनी तापी-गोमाई संगमाजवळच्या पांढरीत खोदकाम केलं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. एकावर एक वस्त्यांचा थर निघाला पन्नास फुटांहून जास्त. सगळ्यात खाली ताम्रपाषाण काळ, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माणसं. दगडाची बारीक पाती, थोडं तांबं, चाकावर घडवून रंगवलेली मडकी. त्याच्या वर लोखंड वापरणारे, मग सातवाहन काळ, आणि पुढे इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंतचे थर.

मला सगळ्यात भारी वाटतात ती खापरं. माळव्याच्या पद्धतीची भांडी इथे सापडली, नगर जिल्ह्यातल्या जोर्व्याच्या धाटणीची सापडली आणि गुजरातकडची चकचकीत लाल भांडीसुद्धा. आज शहाद्याच्या बाजारात मराठी, गुजराती, हिंदी, अहिराणी, भिली एकाच वेळी कानावर पडते ना? ही सरमिसळ तेव्हापासूनची आहे. आपल्या तालुक्यातलंच सावळदा घ्या. त्या गावाच्या नावाने एक अख्खी संस्कृती पुरातत्त्वाच्या पुस्तकात आहे, आणि आपल्याला सावळदा म्हटलं की फक्त पूल आठवतो!

थापर यांचा अहवाल 'एन्शंट इंडिया'च्या २०-२१ व्या अंकात इंग्रजीत छापला गेला. तो वाचणार कोण? आपल्या पोरांना मोहेंजोदडो पाठ, प्रकाशा मात्र फक्त देवदर्शनाचं.

आता मुद्द्याचं. गुरू सिंह राशीत आला की दर बारा वर्षांनी गौतमेश्वराची यात्रा भरते. २०२६-२७ मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. घाट व्हावेत, रस्ते व्हावेत, भाविकांची सोय झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण भरावाला माती लागते, आणि पांढरीची माती मऊ, हाताशी असलेली. जेसीबीच्या एका दिवसात हजार वर्षं ट्रॉलीत भरून जातील, कोणाला कळणारही नाही.

म्हणून ग्रामपंचायतीने आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने काम सुरू होण्याआधी टेकाडाची हद्द आखून द्यावी. शहादा-नंदुरबारच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या सरांनी थापरांच्या अहवालाचा चार पानी मराठी गोषवारा करून द्यावा. छपाईचा खर्च आपण वर्गणीतून काढू, माझे पहिले पाचशे धरा. आणि नांगरताना, पाया खणताना कोणाला रंगीत खापर सापडलं तर फेकू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, खाली कमेंटमध्ये टाका.