आधी कोशिंबीर, मग पोळी : जेवणाचा क्रम आणि रक्तशर्करा

मराठी पानाची मांडणी ठरलेली आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्यभागी भाताची मूद, तिच्यावर वरण आणि साजूक तूप. वाढताना मान डाव्या बाजूचा, पण जेवताना पहिला घास बहुधा वरणभाताचाच असतो. रोजच्या जेवणात पोळी आधी आणि भात शेवटी येतो. कोशिंबीर मात्र तोंडी लावण्यापुरतीच राहते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे लोकप्रिय असलेल्या गुजराती थाळीत तर मिष्टान्न आणि फरसाण पहिल्यापासूनच ताटात असते. निरोगी माणसाला या क्रमाने फारसा फरक पडत नाही. परंतु ज्यांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, त्यांच्यासाठी आधी काय खाल्ले आणि मागून काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उंबरठ्यावरची अवस्था

उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १०० ते १२५ मिलिग्रॅम, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ मिलिग्रॅम, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार ती मधुमेहपूर्व अवस्था होय. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या साखरेची खालची मर्यादा ११० मानते. या अवस्थेत बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. ती तपासणीतूनच कळते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. अंगाने सडपातळ असणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, कृश दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते.

ही अवस्था म्हणजे अटळ मधुमेह नव्हे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली ५३१ व्यक्तींवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्याच सल्ल्यावर राहिलेल्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि व्यायाम यांत बदल केलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते. म्हणजे या टप्प्यावर राहणीत केलेला बदल वाया जात नाही.

क्रमाविषयीचे संशोधन

न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अल्पना शुक्ला आणि डॉ. लुई आरोन यांच्या पथकाने २०१५ मध्ये मधुमेहाच्या ११ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. जेवण तेच, उष्मांकही तेवढेच. बदलला फक्त क्रम. एके दिवशी पाव आणि संत्र्याचा रस आधी आणि १५ मिनिटांनी कोंबडीचे मांस व भाज्या; दुसऱ्या वेळी नेमके उलट. भाज्या आणि प्रथिने आधी घेतल्यावर साखर अर्ध्या तासाने सुमारे २९ टक्के, एका तासाने ३७ टक्के आणि दोन तासांनी १७ टक्के कमी आढळली. याच पथकाने २०१९ मध्ये मधुमेहपूर्व अवस्थेतील १५ जणांवर केलेल्या अभ्यासात, भाज्या किंवा भाज्या व प्रथिने आधी खाल्ल्यास जेवणानंतर चढणाऱ्या साखरेची उसळी ४० टक्क्यांहून अधिक कमी झाली. त्याआधी जपानमध्ये डॉ. साएको इमाई आणि सहकाऱ्यांनीही ‘भाज्या आधी, भात नंतर’ या पद्धतीचा लाभ नोंदवला होता.

हे कसे घडते?

पोळी, भात, पाव यांतील पिष्टाचे आतड्यात ग्लुकोज बनते. पोट रिकामे असताना ते जठरातून झपाट्याने पुढे सरकते आणि साखर एकदम चढते. आधी भाजीतील चोथा, डाळी-दह्यातील प्रथिने आणि थोडा स्निग्धांश पोटात गेला की जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक स्रवते आणि ते स्वादुपिंडाला इन्शुलिनसाठी सज्ज करते. परिणामी तीच पोळी पचते, पण तिची साखर रक्तात सावकाश उतरते.

आपल्या ताटात हे कसे बसवावे?

परदेशी प्रयोगांतले पदार्थ वेगवेगळे खाण्याजोगे होते. आपला घास मात्र मिश्र: पोळीत भाजी, भातात वरण. तो मोडण्याचे कारण नाही. सुरुवात तेवढी बदलावी. काकडी, टोमॅटो, मुळा किंवा कोबीची वाटीभर कोशिंबीर, साखर न घालता, आधी संपवावी. त्यामागून मटकी किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, दही, आणि मांसाहारी असल्यास अंडे वा मासे यांचे काही घास घ्यावेत. मग उरलेल्या भाजीबरोबर पोळी किंवा भाकरी आणि शेवटी मोजका भात. गोड खायचेच असेल तर ते रिकाम्या पोटी नको, जेवणाच्या अखेरीस थोडेसे.

भोजनाचा आरंभ मधुर रसाने करावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. त्या नियमामागे पचनाचा विचार होता; जेवणानंतरच्या रक्तशर्करेचे मोजमाप त्या काळी उपलब्ध नव्हते.

बटाट्याची भाजी ही या हिशेबात भाजी नव्हे. ती पिष्टातच मोजावी. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि फळांचा रस यांनाही तोच नियम.

नोकरदारांची अडचण वेगळी आहे. अंधेरीहून सायंकाळच्या गर्दीत निघालेला माणूस घर गाठेपर्यंत भुकेने व्याकूळ होतो आणि स्थानकाबाहेरचा वडापाव रिकाम्या पोटी पडतो. बटाटा, बेसनाचे आवरण आणि मैद्याचा पाव, म्हणजे पिष्टात पिष्ट. त्याऐवजी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे जवळ ठेवावेत. दुपारच्या डब्यातही काकडी-गाजराचा कप्पा प्रथम उघडावा आणि पोळीचा शेवटी.

मर्यादा ओळखाव्यात

क्रम म्हणजे औषध नव्हे. वरील प्रयोग लहान होते आणि त्यांनी मुख्यतः एका जेवणानंतरची साखर मोजली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मधुमेहपूर्व अवस्थेतील ४५ जणांवरील १६ आठवड्यांच्या अभ्यासात, क्रम पाळणारा गट आणि केवळ आहारसल्ला घेणारा गट यांच्या एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे चार पोळ्या आणि ताटभर भात कोशिंबिरीमागून खाल्ला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. प्रमाण, जेवणानंतरची शतपावली, वजन आणि झोप यांची जागा क्रम घेऊ शकत नाही. त्याचा खरा उपयोग असा की, भाजी आणि डाळ आधी पोटात गेल्याने धान्य आपोआप कमी लागते आणि त्यासाठी वेगळा खर्चही नाही.

घरी ग्लुकोमीटर असल्यास स्वतःपुरती पडताळणी करता येते. दोन दिवस तेच जेवण, तेवढ्याच प्रमाणात, वेगवेगळ्या क्रमाने घ्यावे आणि पहिल्या घासापासून एक व दोन तासांनी साखर मोजावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा किंवा जठराचा विकार असलेल्यांनी, आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहपूर्व अवस्था आढळलेल्यांनी वर्षातून एकदा तरी तपासणी चुकवू नये. क्रम पाळूनही आकडे चढत असतील, तर ते या तपासणीतूनच वेळेवर कळते.