तारीख कुणाच्या खिशात? बाबासाहेबांच्या सनदेपासून मोबाईलमधल्या कोर्टापर्यंत

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावचे ॲट्रॉसिटीचे प्रकरण आमच्याकडे आले. फिर्यादी मावशी शेतमजूर. एका सकाळी शेजारच्या पोराने त्यांना सांगितले, "मावशी, ते सुटून आले की, रात्री फटाके वाजवले त्यांनी." जामीन झाला होता. अर्ज कधी पडला, सुनावणी कधी झाली, मावशींना काहीच ठाऊक नव्हते. नोटीस त्यांच्या दारापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून ई-कोर्ट्सचे ॲप उघडले, पोलीस ठाणे निवडले, एफआयआरचा नंबर टाकला. अर्ज दाखल झाल्याची तारीख, पुढची तारीख, आदेश, सगळे समोर आले. इतके दिवस ही माहिती कुणालाही पाहता येत होती. फक्त आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. मीसुद्धा नाही.

इंटरनेटमुळे वकिली बदलली, हे आता सगळेच बोलतात. बदलली ती कुणासाठी, हे विचारले की मात्र शंभर वर्षे मागे जावे लागते.

बाबासाहेब १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ च्या जुलैत त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनदेची फी भरायलाही त्यांच्याकडे पैसे नव्हते, ते मित्र नवल भथेना यांनी दिले. सनद मिळाली, पण काम मिळेना. हायकोर्टात बॅरिस्टरला खटले येत ते सॉलिसिटरच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. कोलंबियाची पदवी होती, लंडनची होती, तरीही. म्हणून त्यांना जिल्ह्याच्या कोर्टांतली कामे घ्यावी लागली. जोडीला १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. 'गुणवत्ता असली की वाट सापडते' असे आपल्याला सांगणाऱ्यांनी हे नीट वाचावे. गुणवत्ता होतीच. जे नव्हते ते ओळखीचे जाळे.

मग बाबासाहेबांकडे काम आले कुठून? मोठ्या प्रमाणात चळवळीतून. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे यांच्यावर खटला झाला, तेव्हा ब्राह्मणेतर चळवळीतले हे लोक बाबासाहेबांकडे आले आणि ते सुटले. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'चा खटलाही बाबासाहेबांनीच चालवला. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते. एका बाजूला कोर्ट, दुसऱ्या बाजूला ही सभा. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या या सभेने पुढच्याच जानेवारीत वसतिगृह काढले ते आपल्या सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे ते सांभाळत, नगरपालिका महिना चाळीस रुपये देत असे. सोलापूरच्या पोरांना हा इतिहास शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता संपर्काच्या साधनांकडे या. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. १९२७ च्या २० मार्चला महाड झाले, आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाले. वकील आणि संपादक एकच माणूस. हा योगायोग नाही. कोर्टात काय चालले आहे ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत कळले पाहिजे, नाहीतर ते दुसऱ्याच्या तोंडून आणि दुसऱ्याच्या सोयीने कळते, हे त्यांना पक्के माहीत होते. चवदार तळ्याचाच दावा पाहा. सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ ला दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ तारखेची परिषद तोंडावर होती. दोन दिवसांत हुकूम आणि निकालाला जवळपास दहा वर्षे! १९३१ ला खालच्या कोर्टात आपण जिंकलो, १९३३ ला अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा अंतिम निकाल आला. इतका काळ लोकांना दाव्याशी बांधून ठेवले ते सभांनी आणि पत्रांनी.

आजची साधने त्यापुढे अफाट आहेत. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ ला सुरू झाला. तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो टाकला की तारीख दिसते. पूर्वी तारीख वकिलाच्या डायरीत असायची आणि डायरी कारकुनाच्या काखेत. एसटीने साठ किलोमीटर यायचे, कोर्टाच्या पायरीवर बसायचे, दुपारी "पुढची पडली" ऐकून परत जायचे. मजुरी बुडाली ती वेगळीच. ही मक्तेदारी मोबाईलने मोडली, हे मान्य केलेच पाहिजे. उगाच सगळ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पण दार उघडले म्हणजे आत जाता आले असे नाही. जिल्हा कोर्टाची भाषा मराठी असली तरी आदेश कितीतरी वेळा इंग्रजीत येतो, आणि मावशी तो वाचू शकत नाहीत. ई-फायलिंगला स्कॅनर लागतो, लॅपटॉप लागतो. ज्याच्या घरात दोन पिढ्यांचे ऑफिस आहे त्याला ते जड जात नाही. भीमनगरातून आलेला पहिल्या पिढीचा ज्युनिअर झेरॉक्सच्या दुकानात रांग लावतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुनावण्या पडद्यावर गेल्या, तेव्हा हा फरक उघडा पडला.

आणि काम कसे मिळवायचे, हा १९२३ चा प्रश्न अजून तसाच आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ ला एवढीच सूट मिळाली की वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, शिक्षण, कामाचे क्षेत्र असा मोजका तपशील टाकता येतो. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन संकेतस्थळांवरून वकिलांची जाहिरात करण्यावर कारवाई करायला सांगितले. न्याय हा बाजारातला माल नाही, हे तत्त्व मला पटते. पण ज्याचे आडनावच जाहिरात आहे, ज्याच्या मामाची बँक आणि काकांचा कारखाना त्याला खटले देतो, त्याला या नियमाची झळ लागत नाही. लागते ती आपल्या पोराला. यावर उपाय जाहिरात खुली करणे हा नव्हे. तसे झाले तर पैसेवाला पहिल्या पानावर येईल आणि आपला ज्युनिअर आणखी मागे जाईल. उपाय बाबासाहेबांनी दाखवला तोच आहे. चळवळीने आपला वकील जगवायचा.

सनदेच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. ३० जुलै २०२४ ला गौरव कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की नोंदणीसाठी खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. काही राज्यांत हा आकडा चाळीस हजारांवर गेला होता. म्हणजे भथेनांच्या उपकाराची गरज शंभर वर्षांनंतरही कितीजणांना पडत असेल, याचा हिशेब आपणच करा.

पुन्हा मावशींकडे येतो. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ए आले, ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळणे आणि तिथे आपले म्हणणे मांडता येणे हा पीडितेचा हक्क आहे. हरिराम भांभी खटल्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही सूचना बंधनकारक ठरवली आणि ती न देता झालेला जामीन रद्द केला. याच कलमात कारवाईचे व्हिडिओ चित्रण करण्याचीही तरतूद आहे. २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी प्रकरणात जामिनाची सुनावणी चालू असताना मुंबई हायकोर्टात हा मुद्दा पुढे आला, तेव्हा कुठे अनेक वकिलांनी ते पोटकलम पहिल्यांदा वाचले असेल. कोर्टात कॅमेरे आले, थेट प्रक्षेपण आले, पण आमच्यासाठी लिहिलेले कलम मागून घ्यावे लागते.

दुसरी बाजूही सांगतो, कारण चूक आपलीही आहे. २० मार्च २०१८ ला, नेमक्या महाडच्या दिवशी, सुभाष काशिनाथ महाजन निकाल आला. ते प्रकरण आपल्याच कराडचे. २ एप्रिलला देश रस्त्यावर उतरला, ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८ए आणले, १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टाने आपले निर्देश मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० ला १८ए कायम ठेवले. एवढे होऊनही "ॲट्रॉसिटी कायदा संपला" हा मेसेज आमच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी फिरतो, आणि तो वाचून माणसे फिर्याद द्यायला कचरतात. पाठवणारे आपलेच असतात, वर 'जय भीम' लिहिलेले असते. फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, निकाल उघडून पाहायला पाच मिनिटे.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले. सोलापूरसह सहा जिल्हे त्यात आहेत. उद्घाटन केले ते सरन्यायाधीश भूषण गवई यांनी, रा. सू. गवईंच्या मुलाने. चाळीस वर्षांहून जुनी मागणी होती. रात्रीची सिद्धेश्वर पकडून रेल्वेने साडेचारशे किलोमीटर मुंबई गाठण्यापेक्षा हे बरे. पण बेंच जवळ आले तरी तिथे उभा राहणारा वकील आणि त्याला वेळेवर कळवणारा कार्यकर्ता आपणच तयार करायचा आहे.

आम्ही एवढेच सुरू केले आहे. रविवारी विहारात वंदना झाली की दोन एम.ए. झालेली मुले आणि एक ज्युनिअर वकील अर्धा तास बसतात. वहीत तालुक्यातल्या प्रकरणांचे एफआयआर नंबर आहेत. एकेक टाकून पाहतात, नवीन अर्ज पडला असेल तर फिर्यादीला त्याच दिवशी फोन करतात आणि कलम १५ए प्रमाणे म्हणणे मांडण्याचा अर्ज तयार ठेवतात. आदेश आला तर मराठीत वाचून दाखवतात. मावशींचा नंबर त्या वहीत पहिला आहे. ज्याला आपल्या तालुक्यात हे करायचे असेल त्याने एक वही घ्यावी आणि येत्या रविवारी सुरुवात करावी.