वाळूचं हिरवं कातडं

1974चा फेब्रुवारी. गिरगाव चौपाटीवर तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे आहात. सुमारे 160 किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेनं समुद्रतळाला भोक पाडलंय आणि तेल लागलंय. वर्षभरात तेलाचे भाव भडकलेत, त्यामुळे ही बातमी लालबाग-परळच्या चाळींतही चवीनं चघळली जातेय. ते तेल चुनखडीतलं, दीड किलोमीटरच्या आतलं.

तुम्हाला मात्र त्याहून खूप खोल जायचंय. याच दशकात अमेरिकेतल्या लुइझियानात सहा किलोमीटर खाली वालुकाश्म सापडतोय, आणि त्यात वीस टक्क्यांहून जास्त जागा मोकळी! एवढ्या दाबात, दीडशे अंशांवरच्या उष्णतेत ती केव्हाच बुजायला हवी होती.

ती का बुजली नाही हे पाहायला तिथेच साडेनऊ कोटी वर्षं मागे जा. नदीच्या मुखाशी ओल्या वाळूत पाय रुततात. गारगोटीच्या कणांत ज्वालामुखी दगडाचा काळपट, लोहयुक्त चुरा मिसळलाय. आता वाळूच्या कणाएवढे व्हा. वर गाळ चढतो, अंधार होतो, पाणी तापतं. चुऱ्यातलं लोह सुटतं आणि कणाकणावर क्लोराइट या मातीच्या खनिजाचे हिरवट पापुद्रे खेटून उभे राहतात. थराची जाडी केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी.

सत्तर-ऐंशी अंश ओलांडले की पाण्यातली सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, बसायला जागा शोधू लागते. नवी गारगोटी चढते ती उघड्या गारगोटीवरच. शेजारच्या उघड्या कणावर ती चढतेय, फट मिटतेय. तुमच्या कणावर तिला टेकायलाच मिळत नाही. एके ठिकाणी पापुद्रा निसटलाय, तिथून मात्र स्फटिकाचा कोंब थेट पोकळीत घुसतो. थर जाड असण्यापेक्षा सलग असणं महत्त्वाचं, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

तेलवाले मातीला शत्रू मानतात, आणि ते बरंचसं खरंही आहे. इलाइट हे मातीचं दुसरं खनिज तंतूंसारखं वाढलं की कणांमधल्या वाटा तुंबतात. म्हणूनच हे हिरवं कातडं मला फार मोलाचं वाटतं. मातीच, पण जागा राखणारी.

आता आपल्या किनाऱ्यावर परत या. तापी दख्खनच्या काळ्या, लोहयुक्त दगडातून वाट काढत येते. तिच्या जुन्या वाळूचा खोलातला नमुना कधी हाती आला, तर सूक्ष्मदर्शकाखाली आधी कणांच्या कडा तपासा. हिरवी किनार आहे का, आणि असली तर सलग की तुटक?